ठेंगणा बचावपटू (बास्केटबॉल)

व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आपल्या जागेला साजेशी उंची नसतानाही मुख्यतः बचावाच्या बळावर संघात टिकून राहणारा खेळाडू. ‘ठेंगणा’ हा शब्द इथे सापेक्ष आहे. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या लीगमध्ये खेळाडूंची सरासरी उंचीच साडेसहा फुटांच्या आसपास असते. रस्त्यात भेटला तर ज्याच्याकडे मान वर करून पाहावे लागेल, असा माणूस तिथे बास्केटखाली उभा राहिला की बुटका ठरतो. असा खेळाडू गुण फारसे मिळवत नाही आणि सामन्यानंतरच्या क्षणचित्रांत क्वचितच दिसतो. तरीही ज्या शहरासाठी तो खेळतो, तिथले नेमाने सामने पाहणारे लोक त्याच्यावर मनापासून जीव लावतात. खेळ किती बारकाईने पाहिला जातो, हे या जिव्हाळ्यातून कळते.

बास्केटची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते. तिच्या अगदी जवळ खेळणारा सेंटर परंपरेने सात फुटांच्या (२१३ सेंमी) आगेमागे असतो. दहा-पंधरा सेंटिमीटर कमी असलेल्याला ही तूट हाताने भरून काढता येत नाही. ती पायांनी आणि कमरेने भरावी लागते. चेंडू कडीकडे निघाला की बहुतेकांचे डोळे चेंडूमागे जातात. हा आधी आपल्या वाट्याचा प्रतिस्पर्धी शोधतो, त्याच्याकडे पाठ करून कंबर त्याच्या मांडीला टेकवतो आणि त्याला जागेवरून हलू देत नाही. याला ‘बॉक्स आउट’ म्हणतात. बुटक्याची कंबर मुळातच खाली असल्याने तो उंच माणसाच्या तोलाखाली शिरू शकतो आणि कमी उंचीचा तिथे उलट फायदाच होतो. उंच सेंटरला चेंडू मिळण्याआधी त्याला एक पाऊल बाहेर ढकलून ठेवणे हेही त्याचेच काम. ते एक पाऊल मिळाले की सोपा फटका अवघड होतो. अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूच्या वाटेत वेळेवर पाय रोवून उभे राहायचे, धडक छातीवर घ्यायची आणि फाउल त्याच्यावर ओढायचा, याला ‘चार्ज’ घेणे म्हणतात. बास्केटखालच्या १.२२ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभे असताना मात्र हा फाउल सहसा मिळत नाही, म्हणून आपले पाय नेमके कुठे आहेत याचे भान त्याला खाली न पाहता ठेवावे लागते.

अशा खेळाडूचे वर्णन सर्रास ‘मेहनती’ या एका शब्दात उरकले जाते. तो शब्द खोटा नाही, पण अपुरा आहे. मेहनत लीगमधले बहुतेक सगळेच करतात. चेंडू कडीला लागून कोणत्या बाजूला उसळेल, समोरचा कोणत्या खांद्यावरून वळेल आणि सहकारी चुकला तर मदतीला किती लवकर निघावे, ही जाण म्हणजे कौशल्य आहे, आणि ते नेम धरण्याइतकेच दुर्मीळ आहे.

या प्रकारातला सर्वांत मोठा खेळाडू म्हणजे बेन वॉलेस. अलाबामा राज्यातील व्हाइट हॉल या छोट्या गावात १९७४ मध्ये त्याचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो दहावा. लोकांचे केस कापून पैसे साठवून तो चार्ल्स ओकली या नामांकित खेळाडूच्या शिबिरात गेला. पुढे ओकलीच्याच पाठिंब्याने व्हर्जिनिया युनियन या लहान विद्यापीठात त्याला जागा मिळाली. १९९६ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणत्याही संघाने त्याचे नाव घेतले नाही. नोंदीत त्याची उंची ६ फूट ९ इंच आहे, पण प्रत्यक्षात ती त्याहून कमी असल्याचे नेहमी बोलले जाई. वॉशिंग्टन आणि ओरलँडो या संघांतून २००० मध्ये तो डेट्रॉइट पिस्टन्सकडे आला, तोही एका मोठ्या अदलाबदलीतला किरकोळ भाग म्हणून. डेट्रॉइटचा तारा ग्रँट हिल ओरलँडोला निघाला होता आणि त्याच्या बदल्यात वॉलेस व चकी अ‍ॅटकिन्स मिळाले. त्या दिवशी डेट्रॉइटच्या चाहत्यांना आपण लुटले गेलो असे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

त्यानंतरच्या सहा हंगामांत वॉलेसने वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार चारदा मिळवला (२००२, २००३, २००५, २००६). हा पुरस्कार चार वेळा मिळवणारे बाकीचे दोघे म्हणजे डिकेंबे मुटोंबो आणि रुडी गोबेर, आणि दोघेही सात फुटांहून उंच. २००२-०३ च्या हंगामात वॉलेसने सामन्यामागे १५.४ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर उसळलेले चेंडू, घेतले आणि गुण मिळवले फक्त ६.९. त्याच हंगामात ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या वार्षिक, सामन्यासाठी पूर्व विभागाच्या पहिल्या पाचांत चाहत्यांनी त्याला मते देऊन बसवले. ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला. सामन्यामागे सात गुणही न करणाऱ्या माणसाला लोकांनी मत दिले, ही गोष्ट मला त्याच्या पुरस्कारांइतकीच मोलाची वाटते.

ऑबर्न हिल्स या उपनगरातल्या ‘द पॅलेस’ स्टेडियममध्ये हे प्रेम डोळ्यांना दिसत असे. वॉलेस कधी केसांच्या घट्ट वेण्या घालून येई, तर कधी भलामोठा फुललेला ‘अ‍ॅफ्रो’ मोकळा सोडून. मग प्रेक्षकांतही शेकडो डोक्यांवर तसेच टोप दिसत. त्याचे टोपणनाव लंडनच्या घड्याळावरून ‘बिग बेन’ पडले होते, म्हणून त्याच्या चांगल्या खेळीनंतर ध्वनिक्षेपकावर घंटेचा घनगंभीर टोल घुमे. पिस्टन्सचे त्या काळातले घोषवाक्यच ‘कामाला निघालो’ अशा अर्थाचे होते. मोटार कारखान्यांच्या पाळ्यांवर वाढलेल्या त्या शहराला ते कोणी समजावून सांगावे लागले नाही.

२००४ च्या अंतिम मालिकेत समोर लॉस एंजेलिस लेकर्स होते. शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असा तो ताऱ्यांचा संघ. ओनील ७ फूट १ इंच उंच आणि वजनाने वॉलेसपेक्षा कितीतरी भारी. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी त्याच्यावर दोन-दोन माणसे न घालता त्याला बराच वेळ एकट्या वॉलेसवर सोपवले, म्हणजे बाकीचे चौघे आपापल्या माणसाला चिकटून राहू शकले. ओनीलने भरपूर गुण मिळवले. वॉलेसने त्याला ‘थांबवले’ असे म्हणणे चूक ठरेल. पण वॉलेसच्या मदतीला कोणाला जावे लागले नाही, आणि बाकीचा लेकर्स संघ तिथेच आटला. तिसऱ्या सामन्यात त्यांना फक्त ६८ गुण करता आले. पाचव्या सामन्यात वॉलेसने १८ गुण आणि २२ रिबाउंड घेतले, आणि डेट्रॉइटने मालिका ४-१ ने जिंकली.

त्याची दुखरी बाजू फ्री थ्रो. अडवणारे कोणीच समोर नसताना मारायच्या या फटक्यांत त्याचे कारकिर्दीतले यश ४१.४ टक्के होते. चाहत्यांनी तेही सांभाळून घेतले.

ह्यूस्टन रॉकेट्सचा चक हेझ याची कीर्ती वॉलेसएवढी झाली नाही, पण ठेंगणेपणाचा दाखला म्हणून तो जास्त ठळक आहे. केंटकी विद्यापीठातून आलेल्या हेझलाही २००५ च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतले नाही. उंची ६ फूट ६ इंच (१९८ सेंमी). २००९-१० मध्ये ह्यूस्टनचा ७ फूट ६ इंच उंचीचा चिनी सेंटर याओ मिंग पायाच्या दुखापतीने संपूर्ण हंगाम बाहेर बसला, आणि एका फुटाने बुटका असलेला हेझ त्याच्या जागी सेंटर म्हणून सर्व ८२ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. त्याचा फ्री थ्रो पाहण्यासारखा होता. हात वर नेता नेता तो मधेच अडखळे, आणि फटका गेला असे समजून बाजूला उभे असलेले खेळाडू वेळेआधीच आत पाऊल टाकत. २०११ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध त्याने गुण, रिबाउंड आणि असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) या तिन्हींत दहाचा आकडा ओलांडला, तेव्हा ह्यूस्टनच्या जुन्या चाहत्यांना घरातल्या मुलाचा निकाल लागल्याचा आनंद झाला असणार.

पुढे खेळच बदलला. लांबून तीन गुणांचे फटके मारण्याचे प्रमाण वाढले तसे संघ बुटके आणि चपळ पाच उतरवू लागले. २०२० मध्ये ह्यूस्टननेच आपला उंच सेंटर क्लिंट कपेला सोडून दिला आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला त्याच्या जागी उभे केले. टकरने त्याआधी बरीच वर्षे इस्राएल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी अशा देशांतल्या संघांकडून खेळून काढली होती. २०२१ मध्ये तो मिलवॉकीच्या विजेत्या संघात होता.

या खेळाडूंचे काम मोजायचे कसे, हा प्रश्न जुनाच आहे. एनबीएमध्ये स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (हवेत अडवलेले फटके) यांची अधिकृत नोंदसुद्धा १९७३-७४ पासूनच होऊ लागली. हलक्या हाताने वळवलेले पास, जमिनीवर झेपावून पकडलेले मोकळे चेंडू, घेतलेले चार्ज यांचे आकडे लीगने २०१६ पासून जाहीर करायला सुरुवात केली. त्यांवर आधारलेला पहिला वार्षिक पुरस्कार २०१७ मध्ये ६ फूट १ इंच उंचीच्या पॅट्रिक बेव्हर्लीला मिळाला.

वॉलेस तोपर्यंत निवृत्त झाला होता. जानेवारी २०१६ मध्ये त्याची ३ क्रमांकाची जर्सी पॅलेसच्या छताला टांगली गेली, आणि २०२१ मध्ये सामन्यामागे ५.७ गुणांची सरासरी असलेला हा खेळाडू बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. त्याने किती चेंडूंना नुसती बोटे लावून दिशा बदलली, याचा आकडा लीगच्या जाहीर नोंदींत नाही. ते सारे ज्या स्टेडियममध्ये घडले, ते पॅलेसही २०२० मध्ये पाडण्यात आले.