देशी की परदेशी? वाद गाडीचा, उत्तर मायक्रॉनमध्ये

गाडी देशी चांगली की परदेशी, हा वाद रंगात आला की कुणीतरी बॉनेटवर टिचकी मारून दाखवतंच. ‘पत्रा बघा!’ मग दार लावून आवाज ऐकवला जातो. ‘धप्प’ आला तर गाडी दणकट, ‘खण्ण’ आला तर पत्र्याचा डबा. या दोन्ही परीक्षा अगदी मनापासून घेतल्या जातात, आणि दोन्ही जवळपास निरुपयोगी आहेत.

दाराचा आवाज कंपन्या मुद्दाम घडवतात. लॉकचा खटका कसा बसावा, रबरी सील किती दबावं, पत्र्याच्या आतल्या बाजूला कंप शोषणारा थर कुठे चिकटवावा, हे सगळं आवाजासाठीही ठरवलं जातं. खर्जातला आवाज आपल्याला भारदस्त वाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पत्र्याची गोष्ट तर उलटीच आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून 10 सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 100 पट झटका बसेल. तीच गाडी पुढचा भाग चुरगळत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर सुमारे 20 पट. म्हणून नाक चुरगळायलाच हवं, आणि बसायची जागा मात्र शाबूत राहायला हवी. अमेरिकेत 2009 मध्ये 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मॅलिबू एकमेकींवर आदळवून पाहिल्या. जुन्या धिप्पाड गाडीची केबिन कोसळली, नवीची टिकली. देश एक, कंपनी एक. फरक होता तो पन्नास वर्षांत वाढलेल्या समजेचा.

पण सुरक्षितता म्हणजे विश्वासार्हता नव्हे. गाडी किती वेळा गॅरेजला जाते, हा देशी-परदेशी वादाचा खरा गाभा. त्यासाठी गिअरबॉक्सची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1980 च्या दशकात फोर्डच्या काही गाड्यांतला एकच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनत होता: अमेरिकेत फोर्डच्या स्वतःच्या कारखान्यात आणि जपानमध्ये माझ्दाकडे. ड्रॉइंग तेच, टॉलरन्स (म्हणजे मापात चालणारी कमी-जास्त मुभा) तेच. तरी वॉरंटीच्या तक्रारी माझ्दाच्या गिअरबॉक्सबद्दल कमी येत, आणि ते चालतही जास्त गुळगुळीत.

फोर्डने दोन्हींचे नमुने उघडले आणि एकेक भाग मोजला. फोर्डच्या भागांत एकही रिजेक्ट निघाला नाही. सगळे टॉलरन्समध्ये होते, पण दिलेल्या मर्यादेचा बराच मोठा भाग व्यापून पसरलेले. माझ्दाच्या भागांनी त्या मर्यादेचा सुमारे चौथा हिस्सा वापरला होता. असं सांगतात, की मोजणाऱ्याला आधी गेजच, म्हणजे मापाचं यंत्रच, बिघडलाय असं वाटलं. काटा हलेचना!

कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर वावरलेल्या माणसाला या गोष्टीतली बोच लगेच कळते. तिथे ‘माप टॉलरन्समध्ये आहे’ म्हटलं की विषय संपतो. भाग पास, लॉट पुढे. पण गिअरबॉक्सला पास-नापास समजत नाही. समजा एका शाफ्टवर दहा भाग ओळीने बसतात आणि प्रत्येकाला 0.05 मिलिमीटर, म्हणजे 50 मायक्रॉन, इकडे-तिकडे मुभा आहे. प्रत्येक भाग नियमात आहे, पण दहाही मुभेच्या एकाच टोकाला असले तर शेवटी अर्धा मिलिमीटर सरक तयार होते. सगळे एकाच बाजूला क्वचितच झुकतात, हे खरं. पण लाखो गिअरबॉक्स बनतात तेव्हा ‘क्वचित’ म्हणजेही बरीच गिऱ्हाइकं. गेनिची तागुची या जपानी अभियंत्याने हे सूत्रात मांडलं: माप आदर्शापासून जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात नुकसान. चूक दुप्पट, नुकसान चौपट. टॉलरन्सची रेघ ओलांडली की अचानक सगळं बिघडतं आणि रेघेच्या आत सगळं आलबेल असतं, असं निसर्गात नसतं. रेघ आपण मारलेली असते.

आता कुणी म्हणेल, झालं तर, जपानी ते जपानी! जरा थांबा. मापांतला हा फरक मोजून आटोक्यात ठेवायची युक्ती मुळात अमेरिकी होती. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1924 मध्ये एका पानाच्या टिपणात कंट्रोल चार्ट मांडला. मापांतले नेहमीचे चढउतार कोणते आणि काहीतरी खरंच बिघडल्याची खूण कोणती, हे त्यातून ओळखता येतं. हीच विद्या घेऊन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग 1950 मध्ये जपानला गेले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. मायदेशात मात्र त्यांचं नाव सर्वदूर व्हायला 1980 उजाडलं. घरकी मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

दर्जा राष्ट्रीय स्वभावातच असतो, या सिद्धांताला खरा सुरुंग लावला तो कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटने. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. कामावर दांड्या आणि मालक-कामगारांची भांडणं यांसाठी तो बदनाम होता. 1984 मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तोच पुन्हा सुरू केला, नाव ‘नुमी’. कामगार बहुतांश जुनेच, युनियनही तीच. बदलली ती कामाची रीत. दोष दिसला की कुणाही कामगाराने दोरी ओढावी, गरज पडली तर जोडणीची आख्खी लाइन थांबावी. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दर 100 गाड्यांमागे जोडणीतले दोष मोजले. जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या कारखान्यात सुमारे 130, टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओकात 45 आणि नुमीत? तेही 45.

नुमीतून पुढे आणखी एक नकळत झालेला प्रयोग बाहेर पडला. एकाच लाइनवरून टोयोटा कोरोला निघे आणि तिचीच जुळी बहीण, जनरल मोटर्सची जिओ प्रिझमही. यंत्रं तीच, हात तेच, बिल्ला वेगळा. कोरोलाला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजत राहिलं, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातही तिचाच भाव वरचढ राहिला. मला हे सबंध प्रकरणातलं सगळ्यात गमतीदार वाटतं. गेजला जो फरक सापडला नसता, तो बाजाराला दिसत होता!

मुळात ‘देशी’ कशाला म्हणायचं, इथेच घोळ आहे. चासी नंबरचं पहिलं अक्षर कारखान्याच्या मुलखाचा माग देतं. J म्हणजे जपान, W म्हणजे जर्मनी, 1, 4 आणि 5 म्हणजे अमेरिका. पण सुटे भाग कुठून आले, याबद्दल ते काही बोलत नाही. त्यासाठी अमेरिकेने 1992 मध्ये कायदाच केला. नव्या गाडीवर लेबल लागतं: अंतिम जोडणी कुठे झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स कुठले, अमेरिका-कॅनडातले भाग किती टक्के. हो, कॅनडाही ‘देशी’तच धरलेला आहे. 2010 च्या दशकात टोयोटा कॅमरी केंटकीत बनत होती आणि फोर्ड फ्यूजन मेक्सिकोत. एवढ्या तपशिलाच्या लेबलवर एक रकाना मात्र नाही: गिअरबॉक्समधल्या भागांनी आपल्या टॉलरन्सचा किती हिस्सा वापरला.