बांधावरची गारगोटी आणि कुरुंदाची फेरी

खान्देशात काळ्या रानात नांगर चालला की फाळाला गारगोट्या लागतात. शेतकरी त्या वेचून बांधावर फेकतो. वरून खडबडीत, बटाट्यासारख्या. फोडली तर आत राखाडी-पांढरे पट्टे. हाच अकीक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. सिलिका मुरलेल्या पाण्याने त्या थरावर थर चढवत भरून काढल्या. भोवतालचा खडक झिजून माती झाला, गारगोटी तशीच राहिली.

इथला मणीकामाचा नाद जुना आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथे एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. (शहामृग आणि जळगाव जिल्हा! पण आहे खरे.) तापीकाठच्या प्रकाशे येथे ताम्रपाषाण काळातल्या लोकांनी अकीकाच्याच जातीच्या दगडाची धारदार पाती काढली. दगड फोडणे त्यांच्या हातचे होते. घासून चकाकी आणणे ही मात्र निराळी मेहनत.

अडचण कठीणपणाची आहे. खनिजांचा कठीणपणा १ ते १० असा मोजणाऱ्या मोसच्या मापात अकीक ७ च्या आसपास. चाकूचा ओरखडाही त्यावर उठत नाही. त्याला झिजवायचे तर त्याहून कठीण भुकटी हवी. आपल्याकडे ती कुरुंद या खनिजाची, कठीणपणा ९. लाखेत कुरुंदाची पूड कालवून चाक करायचे, कमानीच्या दोरीने फिरवायचे आणि वरून पाणी सोडायचे, ही कारागिराची जुनी रीत.

धंदा म्हणून हे काम पश्चिमेला गुजरातेत खंभातला मुरले. दगड राजपीपळ्याच्या डोंगरातल्या रतनपूरचा, बंदर खंभातचे. तिथे पिवळट अकीक मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात. त्यातले लोह तांबडे होते आणि दगडाला लाली चढते. मग लोखंडी खुंटीवर टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके उडवायचे. या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी: कोरड्या घासण्याच्या धुळीने तिथल्या कारागिरांना सिलिकोसिस झाला, फुप्फुसे गेली.

दगड घासण्याच्या घरच्या छंदाला वाट मिळाली ती १८९१ नंतर. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन कृत्रिम हिरा करायला गेला आणि भट्टीतून सिलिकॉन कार्बाइड निघाले. त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. त्यातला 'कोरंडम' मूळचा तमिळ 'कुरुंदम', म्हणजे आपलाच कुरुंद, परदेश फिरून आलेला. आता धार लावायच्या दगडात हे कार्बोरंडम असते आणि त्याची पूड नंबरानुसार विकत मिळते; नंबर मोठा तशी पूड बारीक.

मी आणलेली गारगोटी गिरणेच्या पात्रातली. काप लाखेने काडीवर चिकटवला आणि जाड काचेवर पाणी घालून आधी ८० नंबरची पूड, मग २२०, ४००, ६०० अशी चढत्या क्रमाने घासली. दर वेळी काच, काडी, नखे, सगळे धुवायचे. शेवटी नमद्यावर चकाकी आणणारी सेरियम ऑक्साइडची पूड. तीन संध्याकाळी गेल्या. पट्टे आरशासारखे उजळले आणि तेव्हाच दिसला बरोबर मधून गेलेला एक ओरखडा. ८० चा एखादा कण नखात राहिला असणार. पुन्हा २२० पासून.