फाइल न पाहता फरक ओळखणारी बेरीज

दोन संगणकांवर एकच फाइल आहे, इकडे नवी आवृत्ती, तिकडे जुनी. तिकडची अद्ययावत करायची, तर बदललेला भाग तेवढा पाठवावा. पण बदललंय काय हे कळायला दोन्ही फाइली ताडून बघायला हव्यात, आणि त्यासाठी एक फाइल अख्खी दुसऱ्या टोकाला न्यावी लागणार. मग वाचलं काय? बहुतेकांना हे कोडं न सुटणारंच वाटतं.

ते १९९६ साली सुटलं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक नावाचं साधन लिहिलं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे लेखी आज्ञा द्यायच्या पडद्यावर, एक ओळ टाइप करायची: आरसिंक, काय न्यायचं, कुठे न्यायचं. (फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. नवखे इथे हमखास अडखळतात.)

आता खरी गंमत. फाइल २ अब्ज बाइटची आहे असं धरू (बाइट म्हणजे आठ बिटांचा, ० ते २५५ मधला एक आकडा). जुनी फाइल असलेला संगणक तिचे साधारण ४५ हजार बाइटचे तुकडे पाडतो. तुकडेही ४५ हजारच होतात, कारण तुकड्याचा आकार फाइलच्या आकाराच्या वर्गमुळाजवळ ठेवतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा, म्हणजे आतल्या बाइटवरून हिशेबाने आलेले छोटे आकडे, काढल्या जातात, एक ३२ बिटांची कच्ची आणि एक १२८ बिटांची पक्की. फाइल जागेवरच राहते, फक्त खुणा पलीकडे, नवी फाइल असलेल्या संगणकाकडे, जातात. तुकड्यामागे जास्तीत जास्त २० बाइट, म्हणजे फार तर ९ लाख बाइट.

पलीकडच्याने नव्या फाइलचे तसेच तुकडे पाडून खुणा जुळवल्या तर? सुरुवातीला एक अक्षर घुसवलेलं असलं की पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि जवळजवळ एकही तुकडा जुळत नाही. म्हणून ४५ हजार बाइटची खिडकी एकेक बाइट सरकवत प्रत्येक जागी खूण काढून बघावी लागते. प्रत्येक वेळी नव्याने हिशेब केला तर ९० लाख कोटी बाइट मोजावे लागतील.

कच्ची खूण या कामासाठीच बेतलेली आहे. खिडकीत ५, २, ७, १ हे चार आकडे आहेत असं समजा. साधी बेरीज १५. पण १, ७, २, ५ यांचीही बेरीज १५च, म्हणजे क्रम बदललेला तिला कळत नाही. म्हणून दुसरी, वजनी बेरीज: ५ ला चारने, २ ला तीनने, ७ ला दोनने, १ ला एकने गुणायचं. आली ४१. आता खिडकी सरकली, ५ बाहेर पडला, ६ आत आला. नवी साधी बेरीज १५ − ५ + ६ = १६. नवी वजनी बेरीज ४१ − (४ × ५) + १६ = ३७. मधल्या २, ७, १ ला हातही लावला नाही! पडताळा घ्या: ८ + २१ + २ + ६ = ३७. खिडकी चारची असो वा ४५ हजारांची, एका पावलाला तेवढ्याच चार-पाच क्रिया. दोन्ही बेरजा ६५,५३६ ने भागून उरणारी बाकी तेवढी ठेवली की प्रत्येकी १६ बिट, मिळून ३२.

कच्ची खूण जुळली तरच पक्की काढायची. मूळ आराखड्यात तिच्यासाठी एमडी४ हे सूत्र होतं. तीही जुळली, तर ‘तुझा अमुक क्रमांकाचा तुकडा वापर’ एवढाच निरोप जातो. न जुळलेले बाइट मात्र जसेच्या तसे पाठवले जातात.

हल्ली ‘एआय-आधारित स्मार्ट सिंक’ अशा जाहिराती दिसतात. हुशारी कुठली, हे विचारून पाहावं. इथे खिडकी सरकवण्याचं काम साध्या अंकगणितावर चाललंय आणि कोणालाही कागदावर तपासता येतं.

मर्यादाही आहेत. कूटबद्ध किंवा दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये सुरुवातीला एक अक्षर बदललं तरी पुढचे बहुतेक बाइट बदलू शकतात, मग जुळायला काही उरत नाही. फाइलचा आकार आणि बदलाची वेळ दोन्हीकडे सारखीच असेल, तर आरसिंक ती उघडूनही बघत नाही. आणि एकाच संगणकातल्या दोन डिस्कांमध्ये नक्कल करताना, वेगळं सांगितलं नसेल तर, ही सगळी करामत तो बाजूला ठेवतो. तिथे दोन्ही फाइली वाचून खुणा जुळवण्यापेक्षा सरळ अख्खी फाइल उतरवणं स्वस्त पडतं.