पार्श्वभूमी : 'मिनिएचर डायोरामा' नावाचा देखावा

नागपुरात भेटवस्तूंच्या बाजारात अलीकडे 'मिनिएचर डायोरामा' हे नाव चांगलंच रुळलं आहे. ॲक्रिलिकच्या पेटीत वीतभर जागा आणि त्या जागेत लग्नाचा मांडव, आजोबांचं घर, बाबांचं किराणा दुकान किंवा निवृत्त होणाऱ्या माणसाचं टेबल. करणारे बहुतेक घरूनच काम करतात. ऑर्डर फोनवर येते, सोबत एखादा जुना, कडा गेलेला फोटो येतो. नाव नवं आहे आणि गंमत म्हणजे त्यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

'मिनिएचर' म्हटलं की आपल्याला 'मिनी' आठवतं आणि लहान असा अर्थ आपोआप लागतो. शब्दाचं मूळ मात्र रंगात आहे. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शिशापासून केलेला लाल-केशरी रंग. आपल्याकडे मारुतीला चोपडतात तो शेंदूर याच जातीचा. युरोपातल्या हस्तलिखितांत ठळक अक्षरं या रंगाने काढत, आणि त्या कामावरून पोथीतल्या चित्राला ते नाव पडलं. पोथीतलं चित्र पानापेक्षा मोठं असणार कसं? म्हणून हळूहळू शब्दालाच लहानपण चिकटलं.

'डायोरामा'चा प्रवास नेमका उलटा. १८२२ मध्ये पॅरिसमध्ये एका नेपथ्यकाराने भागीदाराबरोबर या नावाचं प्रेक्षागृह उघडलं. पुढे छायाचित्रणाच्या शोधामुळे जगभर नाव झालं ते याच गृहस्थाचं. पातळ कापडावर दोन्ही बाजूंनी रंगवलेलं अवाढव्य चित्र असायचं, साधारण ७० फूट रुंद आणि ४५ फूट उंच. समोरून उजेड पडला की दिवस दिसे, झडपा फिरवून मागून सोडला की त्याच चित्रात रात्र होई. एक चित्र संपलं की प्रेक्षक बसले असतील ती अख्खी जागाच वळायची आणि दुसरं चित्र पुढ्यात यायचं. ग्रीक तुकडे जोडून केलेल्या नावाचा अर्थ 'आरपार पाहणं' असा. त्यात लहान काही नव्हतं, आणि घडवलेलं, उभं केलेलंही नव्हतं. १८३९ मध्ये ते प्रेक्षागृह जळालं. शब्द पुढे संग्रहालयांनी उचलला, रंगवलेल्या गोलाकार भिंतीपुढे पेंढा भरलेले प्राणी उभे करण्यासाठी. तिथून तो खेळण्यातल्या सैनिकांकडे गेला, मग मॉडेल रेल्वेवाल्यांकडे, आणि शेवटी आपल्या पेटीत. शब्दशः धरलं तर 'मिनिएचर डायोरामा' म्हणजे शेंदराने रंगवलेला सत्तर फुटी पडदा.

आपल्याकडे या वस्तूला म्हणायला शब्द नव्हते असं नाही. झांकी होती, पण ती रामनवमीच्या शोभायात्रेत चाकांवर जाते. मॉडेल होतं, पण ते शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातलं किंवा बिल्डरच्या ऑफिसातलं. प्रतिकृतीही होती. दीक्षाभूमीच्या स्तूपाची प्रतिकृती सत्काराच्या वेळी देतात. तिचा घुमट आणि कमानी बरोबर उतरल्या की काम झालं. पेटीतल्या दुकानाचं तसं नसतं. तिथे तराजूचं एक पारडं खाली गेलेलं असावं लागतं, गल्ल्यावर कोणीतरी बसलेलं असावं लागतं, बरणीचं झाकण उघडं असावं लागतं. याला मराठीत नेमका शब्द आहे, देखावा. गणपतीपुढे आपण तोच करतो.

तरी विकणाऱ्यांनी हा शब्द टाळला. एक तर 'नुसता देखावा' म्हटलं की ढोंग असा अर्थ होतो, आणि भेटवस्तूवर तो शिक्का कोणाला हवा? दुसरं कारण सरळ व्यवहाराचं. देखावा म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, डायोरामा म्हटलं की करत नाही, असं करणाऱ्यांकडूनच ऐकायला मिळतं. पण शब्द बदलल्याने वस्तूही थोडी बदलली. देखाव्याऐवजी प्रतिकृती समजून मागणारं गिऱ्हाईक खिडक्या मोजतं आणि माणसांचा विसर पडतो. नव्या पेट्यांपैकी कित्येक घरं सुबक आहेत आणि रिकामी आहेत.

हे रिकामपण रुखवतात नव्हतं. हातांनी केलेल्या लहान देखाव्याची भेट म्हणून आपल्याकडची खरी वंशावळ शोधायची तर ती रुखवतात सापडते, आणि ती लिहून ठेवायचं कोणाला सुचलं नाही, कारण ते काम बायकांचं होतं. रुखवत म्हणजे मुळात वधूकडून वराकडे जाणारा फराळ. फराळाच्या ताटांभोवती शोभेच्या वस्तू मांडता मांडता त्यांचाच बोलबाला झाला. सुपारीच्या बाहुल्या, सप्तपदीची पावलं, खोबऱ्याच्या वाटीवरचं कोरीवकाम, पुठ्ठ्याचा मांडव. माझ्या आत्याच्या रुखवतातला मांडव चाळीसेक वर्षांनंतरही नागपूरच्या महाल भागातल्या घरी माळ्यावर आहे. अंतरपाट म्हणून ब्लाउजपीसची जरीची पट्टी, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. भटजींच्या सुपारीला शेंडी म्हणून काळा दोरा. नवरीमागे मामा उभा असायला हवा. तो नाही, कारण तोवर सुपाऱ्या संपल्या होत्या, आणि खरा मामा त्यावरून रुसला होता. आता असं सामान लोक लांबून मागवतात आणि त्याला हॉबी म्हणतात.

पुढे रुखवताच्या टेबलावर स्टीलची भांडी आली, मग फ्रीज आणि वॉशिंग मशीन आलं. हुंड्याचं मागचं दार म्हणून त्यावर टीका झाली ती रास्तच होती. फक्त त्या टीकेखाली पुठ्ठ्याचा मांडवही चेपला गेला.

मुलांच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, दिवाळीतला मातीचा किल्ला (पुण्याकडे असतो तितका आपल्याकडे नाही), चितारओळीतल्या मूर्तिकारांकडे शाळेतून येताना रेंगाळणारी मुलं, ही सगळी याच घरची पाहुणेमंडळी. त्यांच्याबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको.

सामानाच्या बाबतीत खरा बदल २०१८ चा. राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरांबरोबर हौशी लोकांचा हुकमी कच्चा माल गेला. तेव्हा कुरकुर झाली, पण थर्माकोल लहान कामाला कधीच धड नव्हता. कापताना दाणे उडतात, स्प्रेचा रंग मारला की तो विरघळून खड्डे पडतात, आणि झटपट चिकटवणारा गोंदही त्याला खातो. त्याच्या जागी सनबोर्ड (फोमचा कडक पत्रा), एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि जुना पुठ्ठा आला. पुठ्ठ्याला एकाच बाजूने फेविकॉल किंवा पाणीदार रंग लावला तर वाळताना तो धनुष्यासारखा वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही कागद डकवावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब आणखी वेगळा. मी स्वतः एका मे महिन्यात ग्लू गनच्या वितळत्या गोंदाने चिकटवलेली पेटी बंद गाडीत दोन तास ठेवली होती. पोचलो तेव्हा विहीर अंगणातून घसरून भिंतीला टेकली होती.

या शहरात ही कला भेट म्हणून पुन्हा मागितली जाऊ लागली त्यात छोट्या लाईनचा, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचा, वाटा मोठा आहे, निदान मी पाहिलेल्या कामांत तरी. मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्येच सुरू झालं होतं, पण तेव्हा गाड्या धावत होत्या, त्यामुळे आठवण काढायची गरज नव्हती. २०१५ च्या शेवटी छिंदवाड्याकडची गाडी बंद झाली, नोव्हेंबर २०१९ मध्ये इतवारी-नागभीड. मग उमरेड, भिवापूरच्या लोकांना स्टेशन हवं झालं, आपल्या वडिलांना द्यायला.

इथे मापाचा प्रश्न येतो. १:१२ हे बाहुलीघराचं माप, फुटाला इंच. इंग्लंडच्या राणीला १९२४ मध्ये भेट मिळालेलं वाहत्या पाण्याचं आणि विजेच्या दिव्यांचं बाहुलीघर याच मापाचं होतं, आणि ते आखलं नवी दिल्लीच्या वास्तुकारानेच. पण १:१२ मध्ये स्टेशन दिवाणखान्यात मावणार नाही. म्हणून १:८७ घेतात. साडेपाच फुटांचा माणूस, म्हणजे ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये आडवा मावेल इतका, या मापात १९ मिलिमीटर होतो. आपल्या छोट्या लाईनच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागा, पावणेनऊ येतं. १:१६० च्या गाड्यांसाठी बाजारात मिळणारा तयार रूळ ९ मिलिमीटरचा असतो, तो इथे पाव मिलिमीटरच्या फरकाने बसून जातो. खडीसाठी चाळलेली रेती पसरायची आणि तिच्यावर पाण्यात पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडायचा, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून. साबण नसेल तर थेंब रेतीवर गोळी होऊन बसतो, आत उतरत नाही. तयार मिळणारी माणसं मात्र हॅट आणि ओव्हरकोट घातलेली असतात. टिश्यूपेपर त्याच फेविकॉलच्या पाण्यात भिजवून त्यांना लुगडी आणि धोतरं नेसवावी लागतात, आणि हॅट ब्लेडने तासून टोपी करावी लागते.

लॉकडाऊनमध्ये चिनी किट आले. लेझरने कापलेलं लाकूड, बटणाएवढ्या बॅटरीवरचा दिवा, सोबत चित्रांची पुस्तिका. हे हातचं म्हणायचं का, यावर करणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. जुने म्हणतात, जोडणी म्हणजे घडवणं नव्हे. मी बराच काळ त्यांच्याच बाजूने होतो. मग एका मुलीने आईसाठी जोडलेली किटमधली स्वयंपाकखोली पाहिली. भिंतीवरचं चिनी अक्षरांचं कॅलेंडर तिने नखाने खरवडून काढलं होतं आणि तिथे मराठी दिनदर्शिकेचं बोटाच्या पेराएवढं पान लावलं होतं. त्यावर दुधाच्या हिशेबाच्या निळ्या खुणा होत्या, आणि दोन तारखांना खाडा.