रुच्की, कातारीना
(२५ जानेवारी १९४१ – १४ जानेवारी २०१०). जर्मन निबंधकार, बालसंगोपनाच्या इतिहासाच्या अभ्यासक आणि शिक्षणविचाराच्या टीकाकार. त्यांचा जन्म आणि मृत्यू बर्लिन येथे झाला. निबंधकार मिखाएल रुच्की हे त्यांचे पती होत. १९९९ मध्ये त्यांना हाइन्रिख मान पुरस्कार मिळाला. त्यांची ख्याती मुख्यतः ‘श्वार्ट्से पेडागोगिक’ (काळी शिक्षणपद्धती; धाक, शिक्षा व फसवणूक यांनी मुलाची इच्छाशक्ती मोडणारे संगोपन) या संज्ञेमुळे आहे.

ही संज्ञा कोणाची, याविषयी सर्वसाधारण लेखनात बराच घोळ आढळतो. मानसविश्लेषक अलिस मिलर यांच्या १९८० च्या ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी तिचे जनकत्वही मिलर यांच्याकडेच गेले. वस्तुतः ती रुच्की यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनसंग्रहाचे शीर्षक आहे, आणि मिलर यांनी आपल्या ग्रंथातील जुने उतारे बव्हंशी याच संग्रहातून घेतले. दोघींच्या वापरात मात्र अंतर आहे. मिलर यांना लहानपणीच्या छळाचे प्रौढ वयातील परिणाम दाखवायचे होते. रुच्की यांचे उपशीर्षक ‘मध्यमवर्गीय संगोपनाच्या निसर्गेतिहासाची साधने’ असे असून, विशिष्ट समाजात संगोपन हा स्वतंत्र उद्योग कसा झाला, हा त्यांचा प्रश्न होता. संज्ञेचा हा ऐतिहासिक अर्थच मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संग्रहातील उतारे प्रामुख्याने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. योहान गेओर्ग झुल्त्सर १७४८ मध्ये पालकांना सुचवितात की, मुलाचा हट्ट पहिल्या दोन-तीन वर्षांतच मोडून काढावा, कारण त्या वयात सोसलेले मुलांना पुढे आठवत नाही आणि आपल्याला स्वतःची इच्छा होती हेही ती विसरतात. एवढ्या थंडपणे दिलेला हा सल्ला कोणा माथेफिरूचा नसून ज्ञानोदय काळातील एका मान्यवर तत्त्वज्ञाचा आहे, आणि संग्रहाचा रोख नेमका तेथेच आहे. लाइपझिगचे वैद्य मोरित्स श्रेबर (१८०८–६१) यांनी मुलांची पाठ ताठ राहावी म्हणून पट्ट्यांची व दांड्यांची उपकरणे योजिली होती. त्यांचे पुत्र डानिएल पाउल यांनी स्वतःच्या मनोविकाराविषयी लिहिलेल्या आत्मकथनावर फ्रॉइड यांनी १९११ मध्ये लिहिलेल्या निबंधामुळे हे घराणे मानसशास्त्राच्या इतिहासातही आले.

उताऱ्यांची निवड एकांगी असल्याचा आक्षेप शिक्षणेतिहासाचे अभ्यासक घेतात आणि तो अगदीच निराधार नाही. उपदेशपर ग्रंथांत जे लिहिले ते घराघरांत आचरले जात होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. संग्रहाचे साधनमूल्य मात्र त्यामुळे उणावत नाही. एकेहार्ड फॉन ब्राउनम्यूल यांचा ‘अंटिपेडागोगिक’ (१९७५) आणि रुच्की यांचा संग्रह यांचा उल्लेख अनेकदा एका दमात होतो. पहिला संगोपनाचा हक्कच नाकारणारा वादग्रंथ आहे, तर दुसरा पुराव्यांचा संग्रह आहे. ‘डॉइचे किंडर-क्रोनिक’ (१९८३) या पुढील संग्रहात रुच्की यांनी चार शतकांतील बालपणाची चित्रे एकत्र आणली.

१९९२ च्या ‘एरेग्टे आउफक्लेरुंग’ या पुस्तकाने रुच्की वादात सापडल्या. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या मोहिमेत पुराव्याची जागा संशयाने घेतली आहे, असे प्रतिपादन त्यांनी त्यात केले. खऱ्या पीडितांच्या तक्रारींवर यामुळे अविश्वास ओढवतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. पुढे जर्मनीतील वोर्म्स येथील बालकांच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यांत (१९९४–९७) सर्व २५ आरोपी निर्दोष सुटल्यावर त्यांच्या इशाऱ्याला काहीसे बळ मिळाले, तरी शोषणाच्या एकूण व्याप्तीविषयीचा वाद त्यावरून निकालात निघत नाही. राइनहार्ट वोल्फ यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये याच विषयावरील माहितीग्रंथ संपादित केला.

‘एम्मा उंड ईरे श्वेस्टर्न’ (१९९९) हे जर्मन स्त्रीवादी चळवळीवरील टीकात्मक पुस्तक असून, त्याच्या शीर्षकात आलिस श्वार्त्सर यांनी १९७७ मध्ये काढलेल्या ‘एम्मा’ या मासिकाचा निर्देश आहे. शहरी कुत्रे आणि त्यांचे मालक यांवरील ‘डेर श्टाटहुंड’ २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.