धुरातली उष्णता आणि दहा अंशांचा चिमटा

गॅसवर चालणाऱ्या जुन्या वीजकेंद्राचे कंबाइन्ड सायकलमध्ये, म्हणजे गॅस टर्बाइनच्या धुरावर वाफ करून तिच्यावर दुसरे टर्बाइन चालवणाऱ्या केंद्रात, रूपांतर होणार, अशी बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते: टाकाऊ धुरापासून फुकट वीज. धूर पुन्हा जाळला जातो, असा समजही बराच पसरलेला आहे. दोन्ही चूक. त्या धुरात ऑक्सिजन भरपूर असतो, पण जाळण्याजोगे इंधन जवळपास काहीच उरलेले नसते. उरते ती उष्णता. ती सगळीच्या सगळी का काढून घेता येत नाही, हे या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे कोडे आहे.

उरणचे वायू विद्युत केंद्र हे आपल्या घरचे उदाहरण. बॉम्बे हायचा गॅस समुद्राखालच्या नळाने उरणला येतो. त्यावर १९८२ मध्ये ६० मेगावॅटचे चार आणि १९८५-८६ मध्ये १०८ मेगावॅटचे चार गॅस टर्बाइन संच उभे राहिले. सगळे ओपन सायकलचे, म्हणजे हवा दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा, तप्त वायूने टर्बाइन फिरवायचे आणि मागून निघालेला वायू चिमणीवाटे सोडून द्यायचा. १९९४ मध्ये १०८ मेगावॅटच्या संचांमागे उष्णता परत मिळवणारे बॉयलर आले आणि त्यांच्या वाफेवर चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच बसले. ६० मेगावॅटचे संच पुढे निवृत्त झाले. केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट सांगतात, ती १०८ चोक ४३२ आणि १२० दुणे २४० अशी. दर १०८ मेगावॅटमागे ६० मेगावॅट, आणि तेही जादा गॅस न जाळता. हा ६० आला कुठून?

हिशेब मांडू. पुढचे आकडे उरणच्या नोंदवहीतले नाहीत, त्या आकाराच्या यंत्राला साजेसे गोल आकडे आहेत. ३२ टक्के कार्यक्षमतेने १०८ मेगावॅट वीज काढायला सुमारे ३४० मेगावॅट उष्णतेचा गॅस लागतो. टर्बाइनमागून दर सेकंदाला ४५० किलो वायू ५३० अंश सेल्सिअस तापमानाने बाहेर पडतो. हा झोत एका अंशाने थंड केला की जवळपास अर्धा मेगावॅट उष्णता सुटते. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तेच लागेल.

बॉयलरमध्ये वायू आणि पाणी समोरासमोरून येतात. वायूची पहिली भेट तयार वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरशी, मग ज्या नळ्यांत पाणी उकळते त्या बाष्पकाशी, आणि शेवटी गार पाणी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरशी. वाफेचा दाब ६० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे साठपट, धरू. त्या दाबाला पाणी २७६ अंशांवर उकळते. ६० अंशांचे एक किलो पाणी तिथवर न्यायला सुमारे ९५७ किलोज्यूल लागतात. मग उकळताना १५७१ किलोज्यूल गिळूनही त्याचे तापमान एका अंशाने हलत नाही. त्यानंतर ती वाफ ५०० अंशांपर्यंत तापवायला आणखी ६३८.

आता कागदावर दोन रेघा काढा. वायूचे तापमान एकसारखे उतरत जाते, म्हणून त्याची रेघ सरळ उताराची. पाण्याची रेघ मात्र चढ, मग लांबच लांब सपाटी, मग पुन्हा चढ अशी. पाण्याची रेघ वायूच्या रेघेच्या खालीच राहायला हवी, कारण उष्णता गरमाकडून थंडाकडेच जाते. या दोन रेघा सर्वांत जवळ येतात त्या टोकांना नव्हे, तर मध्येच, जिथे उकळणे सुरू होते त्या कोपऱ्यावर. या जागेला पिंच म्हणतात, म्हणजे चिमटा. तिथे दोघांत दहा अंशांचे अंतर ठेवले, तर वायू तिथे २८६ अंशांचा असणार.

मग उकळण्यासाठी आणि सुपरहीटिंगसाठी वायूकडून काय मिळाले? ५३० ते २८६, म्हणजे २४४ अंश, म्हणजे १२१ मेगावॅट. एका किलोला तिथे २२०९ किलोज्यूल हवेत. भागाकार करा: सेकंदाला ५४.७ किलो वाफ. वाफ किती निघणार, हे इथेच ठरून गेले! २८६ अंशांच्या खाली वायूत कितीही उष्णता असो, तिने वाफ एका किलोनेही वाढत नाही. इकॉनॉमायझरला तेवढेच ५४.७ किलो पाणी तापवायचे असते. त्यात ५२ मेगावॅट खर्चून वायू १८० अंशांवर येतो आणि त्याच तापमानाने चिमणी गाठतो. १८० अंश वाया जाताना पाहून कोणी इकॉनॉमायझर मोठा केला, तर पाणी ड्रममध्ये, म्हणजे वाफ आणि पाणी वेगळे होतात त्या टाकीत, पोहोचण्याआधीच नळ्यांत उकळू लागते, प्रवाह अडखळतो, आणि वाफ तेवढीच राहते.

चिमटा आवळून पाच अंशांवर आणला तर? वाफ २ टक्क्यांनी वाढते, पण बाष्पकाच्या नळ्यांचे क्षेत्रफळ जवळपास पाव हिश्शाने वाढवावे लागते. शून्यावर आणायचा तर नळ्या अनंत लागतील. दाब वाढवला तर? १०० बारला पाणी ३११ अंशांवर उकळते, चिमटा वर सरकतो आणि चिमणीतला वायू २०० अंशांच्या आसपास जातो. दाब ३० बारवर उतरवला तर वायू १५६ अंशांपर्यंत थंड होतो, पण प्रत्येक किलो वाफेतून निघणारे काम घटते. या ओढाताणीतून सुटायला दोन दाबांचे बॉयलर बांधतात. ६० बारच्या ड्रमनंतर ५ बारचा दुसरा ड्रम, जिथे पाणी १५२ अंशांवर उकळते. त्याने वायू १०५ अंशांपर्यंत उतरतो आणि ३७ मेगावॅट उष्णता जास्त मिळते. ही उष्णता हलक्या प्रतीची असते, तिची वीज होते फक्त ६-७ मेगावॅट.

एकाच दाबाचा हिशेब पुरा करायचा तर ५४.७ किलो वाफ तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या ०.१ बार दाबापर्यंत प्रसरण पावली की ५८ मेगावॅट देते. उरणच्या ६० चे मूळ हे. १०८ अधिक ५८ भागिले ३४०, म्हणजे ४९ टक्के. आजची नवी यंत्रे ६४ टक्क्यांजवळ पोहोचली आहेत ती ६०० अंशांच्या वर तापलेल्या धुरामुळे आणि तीन दाबांच्या बॉयलरमुळे.

इथे नव्या गॅस टर्बाइन्सना लावल्या जाणाऱ्या 'हायड्रोजनसज्ज' या बिरुदाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गॅसमध्ये ३० टक्के हायड्रोजन मिसळणार, हे ऐकून कर्ब उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटेल असे वाटते. ती टक्केवारी आकारमानाची असते. घनमीटरमागे हायड्रोजनची उष्णता नैसर्गिक गॅसच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, त्यामुळे उत्सर्जनातली घट जेमतेम ११ टक्के. जाहिरातीत हा दुसरा आकडा सहसा छापला जात नाही, तो वाचकाने विचारायला हवा.

आता 'फुकट'चे. बॉयलर बसवला की धुराच्या वाटेत अडथळा येतो. साधारण २५ मिलिबार जादा दाबाने गॅस टर्बाइनची एक टक्का वीज जाते, म्हणजे १०८ चे १०७. ओपन सायकलला थंडाव्याचे पाणी जवळपास लागत नाही, पण वाफेच्या संचाच्या कंडेन्सरला ११५ मेगावॅट उष्णता टाकून द्यावी लागते. पाणी १० अंशांनी तापू दिले तर ताशी सुमारे १०,००० घनमीटर पाणी फिरवावे लागते. कूलिंग टॉवर असेल तर त्यातले सव्वाशे-दीडशे घनमीटर दर तासाला हवेत जाते. ते पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न केंद्राच्या फाटकाबाहेरचा असला तरी खराच आहे.

बिघाडांच्या जागाही ठरलेल्या. गॅस टर्बाइन आणि बॉयलर यांच्यामध्ये डायव्हर्टर डॅम्पर नावाचे मोठे झापड असते. त्याने वायू बॉयलरकडे किंवा थेट जुन्या चिमणीकडे वळवता येतो. त्याचे सील जळाले की उष्णता गुपचूप आभाळात गळते, आणि दोष वाफेच्या संचाला दिला जातो. शेवटच्या नळ्यांत ६० अंशांहून फार गार पाणी सोडले तर बाहेरून धुरातले बाष्प दवासारखे जमते आणि गंज चढतो. म्हणून तिथे गरम पाण्याचा काही भाग मागे फिरवतात. कमी दाबाच्या बाष्पकात, १५० अंशांच्या आसपास, वाकणांवर पोलादाचा संरक्षक थर पाण्याच्या वेगाने झिजतो. क्रोमियम असलेले पोलाद वापरणे आणि पाण्याचा सामू (पीएच) ९.२ च्या वर ठेवणे, हा त्यावरचा उपाय. कंडेन्सरच्या नळ्या जुन्या पितळी असतील तर तोच सामू वाढवणारा अमोनिया पितळ खातो, त्यामुळे आधी नळ्या बदलाव्या लागतात.

रूपांतराची उलटी वाटही आहे. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला २००२ च्या सुमारास जुने तेलाचे बॉयलर बाजूला काढून सहा नवी गॅस टर्बाइन्स आणि सहा बॉयलर बसवले. त्यांची वाफ जुन्याच दोन वाफेच्या टर्बाइन्सना दिली. या वाटेवरचा खड्डा वेगळा आहे. जुन्या पद्धतीच्या संचात टर्बाइनच्या मधूनच बरीच वाफ काढून बॉयलरला जाणारे पाणी तापवतात, त्याने तिथे कार्यक्षमता वाढते. कंबाइन्ड सायकलला मात्र पाणी गारच हवे, नाहीतर शेवटच्या धुराची उष्णता घेणार कोण? म्हणून ते हीटर बंद करतात. मग पूर्वी मध्येच निघून जाणारी वाफ शेवटच्या पात्यांपर्यंत आणि कंडेन्सरपर्यंत जाते. तेवढा प्रवाह त्यांना झेपत नाही, म्हणून तोंडाशी घ्यायची वाफच मूळच्या साधारण ७० टक्क्यांवर आणावी लागते. जुने टर्बाइन आहे म्हणजे त्याची पाटीवरची पूर्ण क्षमता मिळेल, असे धरून आखलेला प्रकल्प इथे फसतो.

शेवटी पुन्हा उरणकडे. तिथे वाफेच्या एका संचाला दोन गॅस टर्बाइन्स जोडलेली आहेत. गॅस कमी पडून त्यांतले एकच चालवायचे झाले, तर वाफेच्या संचाचे झडप उघडेच ठेवून दाब उतरू देतात. वाफ निम्मी, म्हणून दाबही निम्म्याजवळ, ३० बारच्या आसपास. उकळबिंदू २३४ अंशांवर येतो, चिमटा खाली सरकतो, आणि तोच बॉयलर ५४.७ ऐवजी जवळपास ५८ किलो वाफ देऊ लागतो. प्रत्येक किलोचे काम घटते, पण किलो वाढतात. कागदावर एका गॅस टर्बाइनमागे वीज ५७ मेगावॅट राहते, ५८ च्या अगदी जवळ. प्रत्यक्षात दाब फार उतरवता येत नाही. दाब निम्मा झाला की वाफेचे आकारमान दुप्पट होते, सुपरहीटरमधला वेग वाढतो, आणि ड्रममधून पाण्याचे थेंब वाफेबरोबर ओढले जातात. थेंबांबरोबर क्षार येतात, आणि ते टर्बाइनच्या पात्यांवर बसतात. म्हणून चालकाला दाबाची एक खालची मर्यादा आखून दिलेली असते. दाब तिच्याखाली जाऊ लागला की झडप आवळून ड्रमचा दाब धरून ठेवायचा.