भाडं कोण ठरवणार? न्यूयॉर्कमधल्या समाजवादी संघटनांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये झोहरान ममदानी न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. आपल्याकडची बरीचशी चर्चा मीरा नायर यांचा मुलगा, मुंबईत जन्मलेल्या महमूद ममदानींचा मुलगा, शहराचा पहिला मुस्लिम महापौर अशा ओळखींभोवतीच फिरली. प्रचारातली त्यांची सगळ्यात गाजलेली घोषणा मात्र घरभाड्याची होती: भाडं गोठवा. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारा उमेदवार अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शहरात दहा लाखांहून जास्त मतं घेतो, याचं अनेकांना नवल वाटलं. त्या शहराचा भाडेकरूंचा इतिहास माहीत असेल, तर नवल जरा कमी वाटतं.

सुरुवात करावी लागते ती मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडपासून. १८८१ मध्ये रशियाच्या झारची हत्या झाली, ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि पुढची चाळीस वर्षं रशियन साम्राज्यातून लाखो ज्यू अमेरिकेत येत राहिले. इटलीतूनही तेवढ्याच मोठ्या संख्येनं माणसं येत होती. यांतले असंख्य लोक बोटीतून उतरून न्यूयॉर्कच्या पाच-सहा मजली भाड्याच्या इमारतींत शिरले. आतल्या खोल्यांना खिडकी नाही, नळ आणि संडास सामायिक, आणि भाडं परवडावं म्हणून घरात दोन-तीन पोटभाडेकरू. गिरणगावातल्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं वर्णन नको. फरक एवढाच, की इथे कारखानाही बऱ्याचदा खोलीतच असे. कापलेले कपडे गठ्ठ्यानं घरी यायचे, सगळं कुटुंब शिवत बसायचं आणि मजुरी नगावर मिळायची. १९०१ च्या राज्य कायद्यानं नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक घराला संडास बंधनकारक केला. भाडं किती घ्यावं याबद्दल मात्र कायद्यात अक्षर नव्हतं.

परदेशातून आलेला माणूस, कामगार आणि भाडेकरू हे इथे तीन गट नव्हते. एकाच घरातली ती तीच माणसं होती. समाजवादी पक्षातल्या पुरुष पुढाऱ्यांना हे उमगायला वेळ लागला. त्यांचं लक्ष कारखान्यावर आणि मतपेटीवर होतं. भाड्याचा प्रश्न उचलला तो बायकांनी. १९०२ मध्ये कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार कापलेल्या) मांसाचे भाव चढले तेव्हा या वस्तीतल्या बायकांनी खाटकांवर बहिष्कार टाकला. दारोदार जाऊन शेजारणींना उठवायचं हे तंत्र तिथे तयार झालं आणि १९०४ मध्ये तेच भाड्यासाठी वापरलं गेलं.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये बँका कोसळल्या, मंदी आली, शिलाईची कामं बंद पडली. भाडं मात्र तेवढंच. लिथुआनियातून लहानपणी आलेली पॉलिन न्यूमन तेव्हा विशीच्या आतली होती आणि ट्रँगल नावाच्या ब्लाउजच्या कारखान्यात काम करत होती. दिवसभर शिलाई करून संध्याकाळी ती आणि तिच्या मैत्रिणी इमारतींचे जिने चढत होत्या. दिवसा घरी असणाऱ्या गृहिणींचं जाळं त्यांच्याहून मोठं होतं. जानेवारी १९०८ मध्ये हजारो कुटुंबांनी भाडं द्यायचं नाकारलं. समाजवादी पक्षानं सभा घेतल्या, वकील दिले. कोर्टांनी घरं खाली करण्याचे हुकूम झपाट्यानं काढले आणि काही आठवड्यांत संप विरला; पण साधारण दोन हजार कुटुंबांचं भाडं कमी झालं. त्याच वर्षी पक्षानं न्यूमनला राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट पदासाठी उभं केलं. न्यूयॉर्कमध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला १९१७ मध्ये, म्हणजे उमेदवाराला स्वतःला मत देता येत नव्हतं.

पुढचा भाग जास्त परिचित आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये कूपर युनियन या शिक्षणसंस्थेतल्या सभेत पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं ऐकून कंटाळलेली क्लारा लेमलिच ही तरुण शिलाई कामगार उठली, यिद्दिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला आणि वीसेक हजार शिलाई कामगार, बहुतेक तरुण मुली, रस्त्यावर आल्या. २५ मार्च १९११ ला ट्रँगल कारखान्याला आग लागली, एक दरवाजा कुलूपबंद होता, १४६ कामगार मेले. या घटनांनी शिलाई कामगारांची युनियन मजबूत झाली आणि युनियनच्या पाठीवर पक्ष. १९१४ मध्ये लोअर ईस्ट साइडनं मेयर लंडन या समाजवादी वकिलाला वॉशिंग्टनच्या संसदेत पाठवलं. १९१७ मध्ये युद्धाला उघड विरोध करत पक्षाचे मॉरिस हिलक्विट महापौरपदाची निवडणूक लढले आणि हरले, पण जवळपास २२ टक्के मतं घेऊन; राज्याच्या विधानसभेत पक्षाचे दहा जण निवडून आले.

मग आला तो काळ, जो मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटतो.

पहिल्या महायुद्धात घरबांधणी जवळजवळ थांबली होती. १९२० पर्यंत शहरात रिकाम्या घरांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. गरीब भाडेकरूंचे करार महिन्याचे, तेही तोंडी. मालकानं वाढवलेलं भाडं दिलं नाही, की तो कोर्टात जायचा आणि न्यायाधीशासमोर प्रश्न एकच: भाडं दिलं की नाही? ते वाजवी आहे का, हे विचारायचा अधिकार न्यायाधीशाला नव्हताच. मग कोर्टाचा माणूस येऊन सामान फुटपाथवर मांडायचा.

ब्राउन्सव्हिल, विल्यम्सबर्ग, हार्लेम, ब्राँक्स इथे भाडेकरूंच्या लीग उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या पुष्कळ समाजवाद्यांनी चालवल्या. पद्धत साधी होती. एका इमारतीतले सगळे एकत्र यायचे, समिती निवडायचे, जुन्याच दरानं भाडं द्यायला तयार असल्याचं मालकाला कळवायचे आणि वाढीव भाडं रोखायचे. मालक एकाला काढू शकत होता. चाळीस कुटुंबांना एकदम काढून नवे भाडेकरू आणणं कठीण, कारण दारात निदर्शनं चालू असत. कोर्टांत खटल्यांचा ढीग साचला. दर एक ऑक्टोबरला, म्हणजे वार्षिक करार संपण्याच्या दिवशी, अर्धं शहर बिऱ्हाड हलवत असे आणि त्या दिवशी दंगल होईल अशी धास्ती सिटी हॉलला, म्हणजे महापालिकेला, वाटू लागली.

हे सगळं रशियन क्रांतीनंतरच्या लाल भीतीच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या धास्तीच्या, काळात चाललं होतं. राज्य विधिमंडळानं १९१९ मध्ये लस्क समिती नेमून डाव्यांच्या कचेऱ्यांवर छापे घातले. डिसेंबर १९१९ मध्ये अराज्यवादी एमा गोल्डमनसह २४९ जणांना ब्यूफोर्ड नावाच्या जहाजात भरून रशियाला पाठवून दिलं. हद्दपारीची टांगती तलवार भारतीयांवरही होती. गदर चळवळीशी संबंधित भारतीयांना ब्रिटिशांच्या हवाली करू नये, म्हणून न्यूयॉर्कमध्ये १९१९ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ ही संघटना निघाली. ॲग्नेस स्मेडली ही अमेरिकन पत्रकार तिच्यात पुढे होती. परदेशी म्हणजे बंडखोर, भाडं न देणारा म्हणजे बोल्शेविक, असं समीकरण वर्तमानपत्रं रोज मांडत होती.

७ जानेवारी १९२० ला ऑल्बनी या राज्याच्या राजधानीतल्या विधानसभेनं पाच समाजवादी आमदारांना सभागृहातून बाहेर काढलं. वॉल्डमन, क्लेसेन्स, सोलोमन, ओर आणि डेविट. गुन्हा काय, तर त्यांचा पक्ष देशनिष्ठ नाही. चार्ल्स इव्हान्स ह्यूजसारख्या रिपब्लिकन पुढाऱ्यानंही निषेध केला, पण १ एप्रिलला हकालपट्टी पक्की झाली. त्याच वसंतात त्याच विधानसभेनं भाड्याचे पहिले कायदे मंजूर केले: आदल्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढ ही अवाजवी मानायची आणि भाडेकरूला कोर्टात तसा बचाव करता यायचा. तेवढ्यानं भागलं नाही. १६ सप्टेंबरला पोटनिवडणूक झाली आणि मतदारांनी त्याच पाचांना पुन्हा निवडून दिलं. चार दिवसांनी घरांच्या प्रश्नावर विशेष अधिवेशन भरलं. लगेच पाचांपैकी तिघांना पुन्हा काढलं, उरलेल्या दोघांनी निषेध म्हणून राजीनामे दिले, आणि त्याच अधिवेशनात आणीबाणीचे भाडे कायदे संमत झाले. आता वाजवी भाडं भरणाऱ्या भाडेकरूला काढता येणार नव्हतं आणि भाडं वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आली. एप्रिल १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कायदे उचलून धरले.

समाजवाद्यांना सभागृहाबाहेर घालवणं आणि त्यांची मागणी कायद्यात घेणं, ही दोन कामं एकाच हातांनी, एकाच आठवड्यात केली. मला यात विसंगती दिसत नाही. भाडेकरूंना सवलत दिली तर ते लाल झेंड्याखाली जाणार नाहीत, हा हिशेब तेव्हाचे राजकारणी उघडपणे बोलून दाखवत होते.

असा हिशेब फक्त तिथेच झाला असंही नाही. ग्लासगोतल्या बायकांच्या भाडेसंपानंतर ब्रिटिश सरकारनं १९१५ मध्ये भाडं गोठवलं होतं आणि मुंबईत १९१८ मध्ये युद्धकाळाचा पहिला भाडे नियंत्रण कायदा आला. तीन खंडांतली ही तीन शहरं एकाच युद्धाच्या टंचाईत सापडली होती.

नंतरची दोन दशकं भराभर सांगतो. समाजवादी पक्ष १९१९ मध्येच फुटून कम्युनिस्ट वेगळे झाले होते. १९२४ च्या कायद्यानं पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटवला; भारतीयांना तर १९१७ पासूनच दार बंद होतं आणि १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यानं नागरिकत्वही नाकारलं. आणीबाणीचे भाडे कायदे दशकाअखेर संपले. महामंदीत ब्राँक्समध्ये कम्युनिस्टांनी भाडेसंप केले. फुटपाथवर काढलेलं सामान शेजारी उचलून पुन्हा वर नेऊन ठेवत. शिलाई युनियननं तर स्वतःच घरं बांधली: १९२७ मध्ये ब्राँक्समध्ये उभी राहिलेली अमालगमेटेड सहकारी वसाहत आजही चालू आहे. ईस्ट हार्लेममधून व्हिटो मार्कँटोनियो हा डावा खासदार इटालियन आणि पोर्तोरिकन मतांवर १९५० पर्यंत निवडून येत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, केंद्र सरकारनं शहरातली भाडी गोठवली. १९६३ च्या हिवाळ्यात जेसी ग्रे यांच्या नेतृत्वाखाली हार्लेममधल्या काळ्या भाडेकरूंनी भाडं रोखलं आणि पुरावा म्हणून मेलेले उंदीर कोर्टात नेले. १९६९ मध्ये आज चालू असलेली व्यवस्था आली, ती आपल्या वाचकांना नीट सांगायला हवी, कारण भाडे नियंत्रण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पागडीची खोली, १९४० सालचं भाडं आणि टेकू दिलेली इमारत येते. न्यूयॉर्कमध्ये तसं नाही. मुख्यतः १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारती या व्यवस्थेत येतात. आज अशी सुमारे दहा लाख घरं आहेत. भाडं किती टक्के वाढवायचं हे नऊ जणांचं मंडळ दरवर्षी जाहीर सुनावणी घेऊन ठरवतं. दोन भाडेकरूंचे, दोन मालकांचे, पाच जनतेचे प्रतिनिधी, सगळे महापौरांनी नेमलेले. ‘भाडं गोठवा’ याचा अर्थ एवढाच, की त्या वर्षी वाढ शून्य टक्के. डी ब्लासिओ महापौर असताना एक वर्षाच्या करारांसाठी २०१५ आणि २०१६ मध्ये तसं झालंही होतं.

१९६५ च्या कायद्यानं आशियाला दार उघडलं आणि शहरात नवे कामगार आले. पिवळ्या टॅक्सीच्या चाकावर पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी हात दिसू लागले. टॅक्सीवाला कायद्यानं कामगार नव्हे, स्वतंत्र धंदेवाला; गाडी गॅरेजकडून पाळीवर भाड्यानं घ्यायची आणि भाडं फिटल्यावर उरेल ती कमाई. म्हणजे घराचाही भाडेकरू आणि गाडीचाही. त्यामुळे नेहमीच्या युनियनला तिथे जागा नव्हती. गुजरातेत जन्मलेल्या भैरवी देसाई आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये टॅक्सी वर्कर्स अलायन्स उभी केली आणि त्याच मे महिन्यात शहरातल्या टॅक्सी एक दिवस थांबल्या. टॅक्सी परवान्याचा भाव २०१४ पर्यंत दहा लाख डॉलरवर चढला आणि मग कोसळला. कर्ज काढून परवाना घेतलेले ड्रायव्हर बुडाले, काहींनी जीव दिला. २०२१ च्या शरद ऋतूत सिटी हॉलसमोर त्यांनी पंधरा दिवस उपोषण केलं. उपोषणाला बसलेल्यांत क्वीन्सचे नवे आमदार ममदानी होते. आमदार होण्याआधी जप्तीच्या नोटिसा आलेल्या घरमालकांना सल्ला देण्याचं काम ते करत. शेवटी शहरानं कर्जांना हमी दिली आणि कर्जं मोठ्या प्रमाणात कमी झाली.

ममदानींची संघटना, डेमोक्रॅटिक सोशलिस्ट्स ऑफ अमेरिका, १९८२ ची. तीन दशकं ती पाच-सहा हजार सभासदांची, बरीचशी पिकलेल्या केसांची होती. २०१६ मध्ये समाजवादी सिनेटर बर्नी सँडर्स यांची अध्यक्षपदाची मोहीम आणि ट्रम्प यांचा विजय यांनंतर तरुणांचा लोंढा आला. या तरुणांतले बहुतेक भाडेकरूच. २०१८ मध्ये ब्राँक्स-क्वीन्समधून वॉशिंग्टनच्या संसदेत अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ आणि ब्रुकलिनमधून राज्य सिनेटवर ज्युलिया सालाझार निवडून आल्या. जून २०१९ मध्ये भाडेकरू संघटनांच्या दबावाखाली ऑल्बनीनं मोठा कायदा केला: घर रिकामं झालं की ते नियंत्रणाबाहेर काढण्याची पळवाट बंद, अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त नाही. मालकांचं म्हणणं, की दुरुस्तीचा खर्च वसूल होत नसल्यानं जुनी घरं कुलूप लावून पडली आहेत. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. जुन्या इमारतींचं काय होतं हे मुंबईकराला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तरी महापौराच्या हातात नेमकं काय आहे? १९७१ पासून अर्स्टॅड कायद्यानुसार न्यूयॉर्क शहराला राज्यापेक्षा कडक भाडेनियम करता येत नाहीत. श्रीमंतांवरचा आयकर वाढवायचा, तरी परवानगी ऑल्बनीचीच. हातात उरतं ते नऊ जणांचं मंडळ. तेही एकदम बदलता येत नाही, मुदत संपेल तशी माणसं बदलावी लागतात. मंडळ जूनमध्ये मतदान करतं आणि ठरलेला दर एक ऑक्टोबरपासूनच्या करारांना लागू होतो.